चंद्रभागेच्या लाख फेऱ्या

पडली तेव्हा चंद्रभागेचं काहीच मोडलं नाही, आणि खरी पंचाईत झाली ती तिथंच. हाड मोडलं असतं तर चार माणसांनी हळहळ केली असती, प्लास्टर घातलं असतं, हाड जुळलं की विषय मिटला असता. पण अठ्ठ्याण्णव सालच्या श्रावणात एका सकाळी ती मोरीत पाय घसरून जी बसली, ती बसलीच. खरचटलं नाही, सुजलं नाही, नुसतं उठता येईना. एक हात मोरीच्या कठड्यावर टेकला, दुसरा बादलीवर. बादली कलंडली आणि सगळं पाणी अंगावर. गुडघा जरा उचलला की मांडी लटलट कापायची आणि बाई पुन्हा खाली.

हाक का मारली नाही, असं नंतर सगळ्यांनी विचारलं. अहो, हाक मारली असती तर खालच्या दुकानातले चार बापे जिना चढून आले असते, आणि अंगावर धड लुगडं नव्हतं! सकाळी सातला पडलेली बाई दुपारी बारापर्यंत ओल्या फरशीवर तशीच बसून राहिली. दार नुसतं लोटलेलं होतं. शेजारची नवसाबाई विरजण मागायला आत आली, तेव्हा कुठं सुटका झाली. त्या पाच तासांत चंद्रभागा देवाचं नाव घेत नव्हती. ती आपल्या पायांकडं बघत होती आणि त्यांना शिव्या देत होती.

तसे त्या पायांचे हाल कोणी विचारलेही नव्हते. विंचूरची ही पोर सोळाव्या वर्षी पंचवटीत सून म्हणून आली. नवरा यादव, भाजीबाजारात त्याची जागा. पहाटे चारला पोतं अंथरून त्यावर बसायचं ते दिवस मावळेपर्यंत. मेथी निवडायची बसून, विकायची बसून, भाकरी खायची बसून, गिऱ्हाइकाशी भांडायचं तेही बसूनच. कष्टाची बाई म्हणून सारा बाजार ओळखायचा, पण कष्ट सगळे हातांचे आणि तोंडाचे. यादव गेला, बाजारातली जागा पुतण्याकडं गेली, आणि चंद्रभागा पंचवटीतल्या दोन खोल्यांत येऊन बसली. वय सदुसष्ट. बसायची सवय होतीच.

मोरीतल्या प्रकारानंतर मुलगा आला आणि तिला सिन्नरला घेऊन गेला. दिनेश तिथल्या वसाहतीत कारखान्यात सुपरवायझर. पोरगा गुणाचा, आणि सून आशा तर त्याहून गुणाची. आता अशा वेळी तुम्हाला वाटेल, सुनेनं छळलं असेल. छे! छळलं असतं तर बरं झालं असतं, भांडायला तरी ताकद आली असती. तिथं नुसती माया. खिडकीशी प्लास्टिकची खुर्ची मांडून दिली. "आई, तुम्ही बसा." चहा हातात. "उठू नका, मी आणते." ताट हातात, पाणी हातात, गोळी हातात. लसूण सोलायला घेतला तर तोही काढून घेतला. सव्वा महिना चंद्रभागा त्या खुर्चीत बसली आणि सव्वा महिन्यानं तिला संडासला जायलाही भिंत धरावी लागायला लागली.

तिथं तिला पहिल्यांदा भीती वाटली. मरणाची नव्हे. मरण काय, यायचं तेव्हा येईल. भीती ही की, आणखी वर्षभर असं झालं तर आपल्याला न्हायला दुसऱ्यानं उचलून न्यावं लागेल, आणि तेही आपल्या सुनेनं, हसतमुखानं.

पितृपक्षात यादवचं श्राद्ध घालायला म्हणून सगळे नाशकात आले. नदीवरचे विधी उरकले आणि चंद्रभागा म्हणाली, "जरा खोलीवर जाऊन येऊ." चौदा पायऱ्यांच्या जिन्याला दहा मिनिटं लागली. वर पोचल्यावर खाटेवर बसली आणि म्हणाली, "दिनेश, मी हितंच ऱ्हाणार."

"आई, डोकं फिरलंय का तुझं? परत पडलीस तर कोण उचलणार?"

"कोनी उचलायची पाळी येऊ देनार नाय."

"ते तुझ्या हातात आहे का?"

"हातात नाय, पायात हाय. बघते मी त्यांच्याकडं."

दिनेश चिडला, आशा रडली. शेवटी दिवाळीपर्यंतची मुदत ठरली. दिवाळीनंतर खोलीची किल्ली मालकाला द्यायची आणि आईनं कायमचं सिन्नरला यायचं, असं दिनेशनं बजावलं. म्हणजे हातात जेमतेम सव्वा महिना.

गल्लीच्या तोंडाशी मोहिनी डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. बाई तरुण, पण बोलायला सडेतोड. त्यांनी चंद्रभागेच्या मांडीत बोटं खुपसून पाहिली आणि म्हणाल्या, "आजी, हाडं तुमची माझ्यापेक्षा चांगली आहेत. मांड्या तेवढ्या झोपल्यात. औषध नाही यावर. रोज चालायचं. खाटेवरून हात न टेकता उठायचं-बसायचं, दहा वेळा. आणि महिन्याभरानं फरशीवर आडवं पडून उठायचं शिकायचं."

"पडून उठायचं?"

"पडणं काही आपण थांबवू शकत नाही. उठणं शिकता येतं."

हे मात्र चंद्रभागेला पटलं. खाटेवरून उठणं-बसणं दार लावून सुरू झालं. पहिल्या दिवशी तीनदा उठली आणि घामानं चिंब झाली. पण चालायचं कुठं? पंचवटीच्या गल्ल्या तुम्ही पाहिल्यात ना? एका अंगाला रिक्षा, दुसऱ्या अंगाला स्कूटर, मधे गाय. आणि ते एक वेळ परवडलं, पण माणसं! "कुठं निघालात चंद्राबाय?" कुठंच नाही म्हणावं तर लोक थांबून तोंडाकडं बघणार. सत्तरीला आलेली विधवा बाई, हातात पिशवी नाही, पूजेचं ताट नाही, आणि गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती ये-जा करते? दुसऱ्याच दिवशी बाजारात बोलणं झालं की पोरानं घराबाहेर काढलं वाटतं, म्हातारी भ्रमिष्ट झाली.

म्हणून तिनं पिंपळ धरला. गल्लीच्या मागं, भांड्यांच्या दुकानामागच्या मोकळ्या जागेत तो पिंपळ होता, भोवती दगडी पार. पाराभोवती एक फेरी म्हणजे चोवीस पावलं. रिक्षा नाही, स्कूटर नाही, दम लागला तर पारावर हात टेकता येतो. चंद्रभागा रोज सकाळी जाऊन अकरा फेऱ्या घालू लागली. चौथ्या दिवशी नवसाबाई फुलं वाहायला आली आणि कमरेवर हात ठेवून उभीच राहिली.

"अगं बया! कसला नवस धरलास?"

आता सरळ सांगता आलं असतं की पायांसाठी चालते. पण कधी कोणा बाईनं नुसत्या पायांसाठी चाललेलं चंद्रभागेनं पाहिलं नव्हतं, तिच्या आईनं नाही, सासूनं नाही. लाज वाटली. आणि तोंडातून निघून गेलं, "लाख फेऱ्यांचा."

"लाख?" नवसाबाईनं गालावर हात मारले. "धन्य हाय बाई तुझी!"

झालं! संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं. नवसाबाई म्हणजे भजनी मंडळाची पुढारीण. तिनं तर आपल्या घराच्या भिंतीवर खडूनं फेऱ्या मांडायलाच घेतल्या. वाटेत रिक्षावाले थांबून जागा द्यायला लागले. कोणी विचारलंच तर दुसराच कोणीतरी परस्पर सांगायचा, "नवसाच्या फेऱ्यांना चालल्यात." आणि दिवाळीनंतर दिनेश गाडी घेऊन आला, तेव्हा नवसाबाई जिन्यातच आडवी आली.

"तिचा संकल्प हाय. अर्ध्यावर मोडशील तर तुझ्या लेकराबाळांना बाधंल."

दिनेश कारखान्यात मशिनं सांभाळणारा माणूस, पण लेकराबाळांचं नाव काढल्यावर त्याचंही तोंडचं पाणी पळालं. डोकं खाजवत तो म्हणाला, "बरं. पण लाख पुऱ्या झाल्या की त्याच दिवशी गाडी आणतो. तेव्हा मग काही ऐकणार नाही."

"बरं," चंद्रभागा म्हणाली. लाख म्हणजे किती, याचा तिला तेव्हा काही अंदाज नव्हता.

अकराच्या एकवीस झाल्या, एकवीसच्या एकावन्न. पायात गोळे यायचे, रात्री तेल चोळून झोपायची, सकाळी पुन्हा पारावर. थंडीत कानाला फडकं बांधून, उन्हाळ्यात पाचलाच उठून. पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात एकशे आठ पुऱ्या व्हायला लागल्या. कमरेच्या चंचीत एकशे आठ चिंचोके असायचे. एक फेरी झाली की एक चिंचोका डाव्या हातातून उजव्या हातात. आणि घरी दार लावून दुसरं काम चालायचं. फरशीवर गोधडी टाकायची, सपाट उताणं पडायचं. मग कुशीवर व्हायचं, कोपरावर यायचं, एक गुडघा पोटाशी घ्यायचा, एक पाऊल रोवायचं आणि दात-ओठ खाऊन उभं राहायचं. पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा खोलीत एकटीच होती. कोणाला सांगता येईना, म्हणून यादवच्या फोटोला सांगितलं, "बघितलं का? उठले!" आणि मग खाटेवर बसून खूप रडली.

आता तुम्हीच सांगा, असलं सुख हाती आल्यावर ते कोण सोडील? ती चौदा पायऱ्या कठडा न धरता चढू लागली. पाणी स्वतः भरायची, बाजारात जाऊन पुतण्याच्या मेथीच्या जुड्यांना नावं ठेवायची. आणि भिंतीवरच्या रेघा मात्र वाढत होत्या. साठ हजार झाले, सत्तर झाले, तसं चंद्रभागा रोज त्या भिंतीसमोर थांबून उरलेल्या फेऱ्या मोजू लागली. पाय आता रोज दोनशे सोळा मागत होते, तेव्हा तिनं एक लबाडी सुरू केली. दोन फेऱ्यांना मिळून एकच चिंचोका सरकवायचा. देवाला फसवायचं तिच्या मनात नव्हतं हो, दिनेशला फसवायचं होतं.

"हल्ली पाय मंदावले का गं तुजे?" नवसाबाई विचारायची.

"वय झालं बाई," चंद्रभागा म्हणायची, आणि एकशे आठ नोंदवून दोनशे सोळा चालून यायची.

दोन हजार एक सालात, गणपती उठल्यानंतर तिला हिवतापानं गाठलं. महिनाभर थंडी वाजून ताप. दिनेशला कळवायचं नाही, अशी तिनं नवसाबाईला शपथ घातली, आणि त्या माउलीनं ती पाळली. रोज भाताची पेज करून आणली, कपाळावर पट्ट्या ठेवल्या, पाठ धरून न्हाणीपर्यंत नेलं. भिंतीवर तेव्हा अठ्ठ्याऐंशी हजारांच्या वर फेऱ्या होत्या. बाकी राहिल्या होत्या पावणेबारा हजार.

ताप उतरला तेव्हा चंद्रभागेनं पहिलं काम काय केलं असेल, तर दार लावून फरशीवर आडवी झाली. आणि उठता येईना. महिनाभर खाटेवर पडून मांड्या पुन्हा झोपल्या होत्या. अर्ध्या तासानं खाटेचा पाय धरून कशीबशी वर आली आणि भिंतीला टेकून धापा टाकत राहिली. जाऊ दे, ती म्हणाली, पावणेबारा हजार शिल्लक आहेत, निदान वर्ष आहे हातात. उद्यापासून पुन्हा अकरा.

त्याच संध्याकाळी नवसाबाई आली. मागं भजनी मंडळाच्या साताठ बायका. सगळ्यांचे चेहरे फुललेले.

"चंद्राबाय, तोंड गोड कर! तुज्या फेऱ्या झाल्या!"

"कुनाच्या?"

"तुज्याच. अधिक महिना हाय, पुण्य दामदुप्पट. आमी चौदाजणींनी वाटून घेतल्या. रोज अठ्ठावीस-अठ्ठावीस. तू आजारी पडलीस, नवस अडकून ऱ्हायला नको. शेवटच्या अकरा तेवढ्या तुज्या पायांनी पुऱ्या कर."

लाखाचं व्रत वाटून घ्यायची रीतच आहे आपल्याकडं; कोणी लाखोली वाहत असेल तर शेजारणी फुलं घेऊन हातभार लावतात. त्यांनी काही वावगं केलं नव्हतं. नवसाबाईच्या टाचांना भेगा पडल्या होत्या, त्यातून रक्त आलेलं दिसत होतं. चंद्रभागेनं त्या टाचांकडं पाहिलं आणि तिला हसावं की रडावं कळेना. तिनं नवसाबाईला मिठी मारली आणि रडलीच. बायकांना वाटलं आनंदानं रडते. त्यांनी लगेच सिन्नरला फोन करून उद्यापनाची तारीखही कळवून टाकली. दसऱ्यानंतरचा रविवार.

हातात तीन आठवडे उरले. चंद्रभागा त्या तीन आठवड्यांत जेवढी राबली तेवढी बाजाराच्या इतक्या वर्षांत राबली नसेल. खाटेवरून दहा, मग वीस, मग तीस. जिना सकाळी पाचदा, संध्याकाळी पाचदा. आणि रोज फरशी. पहिले दहा दिवस खाट धरूनच उठावं लागलं. मग एकदा काहीही न धरता उठली. दुसऱ्या दिवशी पुन्हा जमलं नाही. रविवार उजाडेपर्यंत काहीही न धरता ती एकूण तीन वेळा उठली होती.

रविवारी पाराभोवती सडा-रांगोळी झाली, पुरणाचा वास सुटला. दिनेश जीप घेऊन आला होता. त्यानं खोलीतली ट्रंक आणि वळकटी आधीच खाली आणून जीपच्या टपावर दोरीनं आवळली होती. खोलीची किल्ली त्याच्या खिशात. आशानं सासूला नवं लुगडं नेसवलं. बायकांनी गाणं धरलं आणि चंद्रभागा फेऱ्या घालू लागली. एक, दोन, पाच, आठ. प्रत्येक फेरीला समोर ती जीप दिसायची.

दहावी झाली आणि ती थांबली. नवसाबाई म्हणाली, "एकच ऱ्हायली गं."

डोळ्यापुढं अंधारी आली म्हणून बसता आलं असतं. पाय मुरगळला म्हणता आलं असतं. अकरावी फेरी राहिली असती आणि आणखी महिना-दोन महिने ढकलले असते. चंद्रभागेच्या मनात हे सगळं येऊन गेलं. पण नवसाबाईच्या टाचा आठवल्या आणि आणखी एक खोटं तिला बोलवेना.

"बायांनो," ती म्हणाली, "नवस नव्हता. मी खोटं बोलले."

गाणं थांबलं.

"मी देवासाठी नाय चालले. पायांसाठी चालले. मोरीत पाच तास पडले होते, उठता येत नव्हतं. परत तसं पडायचं नव्हतं मला. लोक हसतील म्हनून नवस म्हनले. नवसा, तुज्या टाचा फुटल्या माज्यापायी, मला माफ कर."

नवसाबाईनं आपल्या टाचांकडं पाहिलं. दिनेश मात्र सावरला. "म्हणजे नवस नव्हताच? मग तीन वर्षं मला थांबवलंस कशाला? चल, बस गाडीत."

"थांब," चंद्रभागा म्हणाली, आणि सगळ्यांच्या देखत, नव्या लुगड्यासकट, पारापुढच्या मातीत उताणी आडवी झाली. आशा किंचाळून धावली.

"हात लावू नका कोनी!"

सगळे जागच्या जागी थबकले. चंद्रभागा कुशीवर झाली. कोपर टेकलं. गुडघा पोटाशी घेतला, पाऊल रोवलं आणि जोर केला. मांडी कापायला लागली, तोल गेला, ती पुन्हा खाली. दिनेशनं पुढं पाऊल टाकलं. तिनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो तिथंच उभा राहिला. पुन्हा कुशीवर, पुन्हा कोपर, पुन्हा पाऊल. कपाळावरची शीर तट्ट फुगली. आणि हळूहळू, कण्हत, कोणाला न धरता, बाई उभी राहिली. लुगड्याला माती, केसांत पिंपळाचं पान.

दिनेशचे डोळे भरून आले. "आई, मला भीती वाटते गं. फोन वाजला की दर वेळी वाटतं, तू पडलीस."

"मला पन वाटते रे. रोज वाटते. म्हनून तर उठते." तिनं त्याच्या हाताला धरलं. "ज्या दिवशी फरशीवरून उठता येनार नाय, त्या दिवशी मीच सांगीन, ये म्हनून. तुजं घर मला परकं नाय. पन त्या दिवसापर्यंत मला खुर्चीत बसवू नको."

"खरं सांगशील?"

"आत्ता सगळ्यांपुढं सांगितलं ना खरं?"

दिनेशनं डोळे पुसले. मग जीपकडं गेला आणि दोरीची गाठ सोडायला लागला. गाठ त्यानंच आवळून बांधली होती, सुटता सुटेना. शेवटी दातांनी सोडवली. नवसाबाई फणकाऱ्यानं म्हणाली, "ते मायलेकांचं तुमचं तुमी बघा. माज्या चौदा बायांच्या फेऱ्या हाय त्यात, अकरावी घातल्याबिगर मी तुला जेवू द्यायची नाय." चंद्रभागेनं ती घातली. मग पंगत बसली.

नवसाबाईनं चार दिवस अबोला धरला. पाचव्या दिवशी पारावर आली आणि काही न बोलता बरोबरीनं चालायला लागली; ती कशासाठी चालते हे कोणी विचारलं नाही.

दर रविवारी सकाळी आठला नवसाबाईच्या घरी सिन्नरहून फोन येतो. चंद्रभागा त्याआधी दार लावून फरशीवर पडते, आणि मग फोनपाशी येऊन बसते. दिनेश तब्येत विचारत नाही, जेवलीस का विचारत नाही. "उठलीस?" एवढंच विचारतो. दोन हजार आठ साल निम्मं सरलं, बाई सत्त्याहत्तरीत आहे, आणि अजून प्रत्येक रविवारी ती म्हणते, "उठले."